नावांच्या जागी बदाम-इस्पिक

ज्योत्स्ना मिसाळ हुशार होती, आणि आपण हुशार आहोत हे तिला चांगलं माहीत होतं. यातली दुसरी गोष्ट तिला नडली.

बारामतीत भिगवण चौकाजवळ, एका औषधाच्या दुकानावर रविंद्र सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. साल चौऱ्याण्णव. मशीनला धूळ लागू नये म्हणून चपला जिन्यातच काढायला लावत, आणि पोरंही देवळात आल्यासारखी हळू बोलत. बी.एस्सी. झालेली ज्योत्स्ना तिथं आधी शिकली आणि मग तिथंच शिकवायला लागली. वडील एस.टी. डेपोत मेकॅनिक. घराण्यात इंजिन उघडून पाहायची सवय होतीच, हिनं फक्त मशीन बदललं.

लग्नाचं वय झालं तशी तिचीही माहिती कागदावर लिहून, वर फोटो टाचून पाहुण्यांत सोडून दिली गेली. सोडून दिली म्हणजे अक्षरशः सोडूनच. एकदा कागद घराबाहेर पडला की तो कुणाच्या खिशात बसतो, कुठल्या हॉटेलात चहाच्या कपाखाली सापडतो, याचा हिशेब कुणीही ठेवत नाही. ज्योत्स्नाचा फोटो भिगवणच्या एका सलूनमध्ये सापडला. आरशाच्या चौकटीत, दोन नट्यांच्या मधोमध खोचलेला. आत्याचा नवरा दाढीला गेला होता, त्यानं तो पाहिला आणि घरी येऊन सांगितलं. आत्या अक्काबाई तशीच उठली, सलूनमध्ये शिरली, अर्ध्या दाढीच्या गिऱ्हाइकाला बाजूला सारून फोटो उपटून आणला. त्यावर साबणाचा फेस वाळला होता.

"घे तुजं ध्यान," अक्काबाई ज्योत्स्नाला म्हणाली. "आन् फुडल्या येळंला फोटू काडताना हसू नगंस."

तेव्हापासून ज्योत्स्नाच्या डोक्यात एकच गोष्ट बसली. मुलीचा कागद असा उघड्यावर फिरता कामा नये.

इंदापुरात दरवर्षी बौद्ध समाजाचा वधू-वर मेळावा भरायचा. तो चालवायचे आप्पासाहेब, निवृत्त हेडमास्तर. पत्रिका नाही, गुण जुळवणं नाही, हुंड्याचं नाव काढलं तर मंडपाबाहेर. सगळं चांगलं, पण पद्धत तीच जुनी. चिठ्ठ्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवायचा आणि जो येईल त्यानं तो चाळायचा, भाजीवाल्याकडची वांगी चाळावीत तसा. त्या वर्षीच्या बैठकीत ज्योत्स्ना उभी राहिली.

"सर, हे कागद मंडपभर फिरवायचे नाहीत. मी सगळं कॉम्प्युटरमध्ये घालते. कुणाला कसं स्थळ हवं ते मला येऊन सांगायचं. मी शोधीन, आणि नाव फक्त मुलीच्या घरच्यांच्या कानात सांगीन."

"आन् मशीनला च्या-पानी करून कुनी नाव काडून घेतलं म्हंजी?" हिंदुरावांनी विचारलं. हिंदुराव समितीतले. मनानं साधे, आवाजानं नव्हे. माईक हातात आला की तो त्यांच्याकडून परत मिळत नसे.

"मशीन चहा पीत नाही, काका."

बैठक हसली आणि ठराव झाला.

प्रोग्राम तिनं सी भाषेत लिहिला. एकेका माणसाची एकेक चौकट. चौकटीत खाने: नाव, जन्मसाल, उंची, शिक्षण, गाव. नाव सोडलं तर सगळे आकडेच; शिक्षणाला आणि गावालाही तिनं नंबर दिले होते, त्यांचे शब्द प्रोग्राममध्येच होते. प्रोग्राम चालू असतो तेव्हा या चौकटी मशीनच्या स्मरणात असतात आणि मशीन बंद झालं की जातात, म्हणून त्या उचलून फ्लॉपीवर ठेवायच्या. अक्षरांत लिहून नव्हे, तर मशीनच्या पोटात जशा असतात तशाच्या तशा. याला बायनरी फाइल म्हणतात. ही पद्धत तिला फार आवडली, कारण अशी फाइल कुणी उघडली तरी त्याला ओ की ठो कळणार नव्हतं. कुलपाची गरज नाही, किल्ली फक्त आपल्या डोक्यात.

"रंगाचा खाना ऱ्हायला," हिंदुराव म्हणाले.

"रंग कशाला, काका?"

"कशाला म्हंजी? पयलं त्येच इचारत्यात लोक. तू न्हाय लिवलंस तर मला हज्जारदा सांगत बसावं लागंल."

ज्योत्स्ना स्वतः सावळी. तिनं वाद घालायला हवा होता. मेळाव्यात हुंडा चालत नाही तर रंग कसा चालतो, एवढं साधं विचारायला हवं होतं. तिनं विचारलं नाही. एक आकडा तर घालायचा, म्हणून तिनं खाना वाढवला. एक म्हणजे गोरा, दोन सावळा, तीन काळा. त्याच झटक्यात आणखी एक खाना घातला, पहिल्या लग्नाचा. शून्य म्हणजे झालेलं नाही, एक म्हणजे घटस्फोट, दोन म्हणजे जोडीदार वारलेला.

चिठ्ठ्या गोळा करायला ती गावोगाव फिरली. पिंपळीत रोहिणीकडे गेली तेव्हा रोहिणी शिलाई मशीनवर बसली होती. ज्योत्स्नापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी, शाळेत असताना तिला सायकलवर डबलसीट नेणारी. नवऱ्यानं हिला टाकलं असं गावानं परस्पर ठरवून टाकलं होतं. खरं म्हणजे हिनंच कोर्टात जाऊन काडीमोड घेतला होता. पण गावाला पहिली गोष्ट सोयीची होती, आणि रोहिणीनंही कुणाला दुरुस्त करायचा नाद केव्हाच सोडला होता.

"मला न्हाय यायचं त्या बाजारात," ती म्हणाली. "चार टाळकी बसनार, चिठ्ठी वाचनार, आन् एकमेकाकडं बघून ओठ दाबनार."

"ताई, चिठ्ठी कुणी वाचणारच नाही. माझ्याशिवाय कुणी नाही."

"आन् त्यात काडीमोड लिवशीलच की."

"शब्दच नसेल मशीनमध्ये. नुसता एक आकडा. एक म्हणजे काय ते फक्त मला माहीत."

रोहिणीनं पाय थांबवला. मशीनचं चाक थोडं उलटं फिरून उभं राहिलं.

"तुज्या तोंडून भाईर न्हाय पडनार?"

"नाही पडणार."

"बग हां. तू म्हनतीस म्हनून देते."

तिनं चिठ्ठी लिहून दिली. अक्षर तिच्या टाक्यांसारखंच होतं, बारीक आणि सरळ.

मेळाव्याच्या आदल्या रविवारी क्लास रिकामा होता. आप्पासाहेब चष्मा नाकावर ओढून एकेक चिठ्ठी वाचत गेले आणि ज्योत्स्ना इंग्रजी अक्षरांत नावं ठोकत गेली. मशीन सकाळी चालू केलं ते दिवसभर चालूच होतं. उन्हं उतरायला सगळं आटोपलं. तिनं फाइल फ्लॉपीवर घेतली, प्रोग्राम बंद केला, पुन्हा चालू केला आणि फ्लॉपीवरची फाइल उघडून दाखवली. नावासकट सगळी माणसं ओळीनं हजर.

"झालं, सर. आता कागद जाळून टाका."

आप्पासाहेबांनी गठ्ठा हातात घेतला आणि घोटाळले. "एक प्रत असू दे की, बाळ. छापून तरी ठेव."

"छापला की तो पुन्हा कागदच झाला, सर! मग एवढं केलं कशाला?"

तिच्या आवाजात तेव्हा जरा मास्तरीण होती, आणि आप्पासाहेब पडले जुने मास्तर. आवाज ओळखून त्यांनी गठ्ठा पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरच्या बंबात त्या चिठ्ठ्यांवर आंघोळीचं पाणी तापलं.

इंदापूरचं मंगल कार्यालय भरलं होतं. एका बाजूला बायका, दुसऱ्या बाजूला पुरुष, मागं पोरांची पळापळ. त्रिशरण-पंचशील झालं, हार झाले, भाषणं झाली. व्यासपीठाच्या कडेला टेबलावर कॉम्प्युटर होता. कुणा कंत्राटदारानं आपल्या ऑफिसातून आणून दिलेला, आणि आल्यापासून तो त्यावर स्वतःची बिलं करत बसला होता. ज्योत्स्नानं त्याला उठवलं, नव्या साडीचा पदर खोचला आणि फ्लॉपी घातली. तिसऱ्या रांगेत रोहिणी बसली होती. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

पहिलाच माणूस निमगावचा. मुलगा ग्रामसेवक, मुलगी दहावीच्या पुढची पाहिजे. ज्योत्स्नानं कळ दाबली.

पडद्यावर ओळी आल्या. जन्मसाल होतं. उंची होती. शिक्षण, गाव, रंग, सगळं जागच्या जागी. आणि नावांच्या जागी बदाम, इस्पिक, हसऱ्या तोंडाचे गोळे, अर्धवट रेघा.

तिनं पुन्हा कळ दाबली. पुन्हा बदाम. एका मुलीच्या नावाच्या जागी स्वच्छ इंग्रजीत ‘सिमेंट’ असं आलं, कंत्राटदाराच्या बिलातलं.

"आरं, ही तर पत्त्याची मशीन हाय," मागून कुणीतरी म्हणालं. "तीन पानी लावा."

"सिमेंटचं स्थळ मला द्या, पक्कं हाय!"

हशा झाला. ज्योत्स्नाच्या कानामागून घाम उतरला. तिनं प्रोग्राम बंद केला, उघडला, फ्लॉपी काढली, पुसली, परत घातली. आकडा एकही चुकलेला नाही आणि नाव एकही नाही. असं होऊच कसं शकतं? फ्लॉपी खराब असती तर आकडेही गेले असते. तिचं सगळं डोकं त्या प्रश्नात शिरलं, आणि एकदा डोकं प्रश्नात शिरलं की बाहेर काय चाललंय याचा तिला पत्ता नसे. घरी यावर कौतुकच व्हायचं.

हिंदुराव मदतीला धावले. त्यांचा हेतू वाईट होता असं कुणीही म्हणू नये. माणूस खरंच मदत करत होता, आणि माईक त्याच्या हातात होता.

"मंडळी, शांत ऱ्हावा! नावं जरा अडाकल्यात. म्या एकेकाची म्हायती वाचतो. ज्याची आसंल त्यानं हात वर करावा." आणि ज्योत्स्नाच्या खांद्यावरून वाकून ते पडदा वाचायला लागले. "जन्म एकाहत्तर, उंची पाच-दोन, रंग दोन, गाव भिगवण. कुनाची हो? हां, साबळ्यांची. लिव्हा. फुडं. जन्म सदुसष्ट…"

दोन-चार हात वर झाले. काम चालतंय असं सगळ्यांना वाटलं. आप्पासाहेब कोऱ्या कागदावर नावं उतरवू लागले. ज्योत्स्नाच्या बोटांखाली ओळी सरकत होत्या आणि डोळे त्या बदामांवर खिळले होते.

"जन्म पासष्ट, उंची पाच-एक, रंग तीन, गाव पिंपळी," हिंदुराव म्हणाले. हात वर झाला नाही. "पिंपळीचं कोन हाय? कुनीच न्हाय? अगं ज्योत्स्ना, हितं शेवटी सगळ्यांफुडं शून्य हाय आन् हिच्याच फुडं एक. ह्यो एक म्हंजी काय?"

"घटस्फोट," ज्योत्स्ना म्हणाली.

पडद्यावरची नजर न काढता, विद्यार्थ्यानं शंका विचारावी आणि सवयीनं उत्तर द्यावं तसं. माईक तिच्या तोंडापासून वीतभर होता. शब्द कार्यालयाच्या मागच्या भिंतीला लागून परत आला.

तेव्हा तिनं मान वर केली.

तिसऱ्या रांगेत रोहिणी उठली होती. तिनं पर्स खांद्याला लावली, दोन्ही बाजूंच्या बायकांना गुडघे आवरायला लावले आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं सरळ बाहेर गेली. धावली नाही, पदर डोळ्याला लावला नाही. पिंपळीची, काळी, पासष्टची, घटस्फोटित कोण, हे ज्यांना माहीत नव्हतं त्यांना ती चालत गेली म्हणून कळलं. बायकांच्या बाजूला माना एकमेकींकडे वळल्या. रोहिणीनं सांगितलं होतं अगदी तसेच ओठ दाबले गेले.

"ताई," ज्योत्स्ना म्हणाली. तेही माईकमध्येच गेलं.

मेळावा काही थांबला नाही. असल्या गोष्टी थांबत नाहीत. आप्पासाहेबांनी जमतील तेवढ्या चिठ्ठ्या नव्यानं लिहून घेतल्या, टेबलावर गठ्ठा ठेवला आणि लोकांनी तो वांगी चाळल्यासारखा चाळला. जेवणं झाली. दोन लग्नं ठरलीसुद्धा. कुणी ज्योत्स्नाला बोललं नाही. आप्पासाहेबांनी तर पाठीवर हात ठेवून "मशीन आहे, बाळ, व्हायचंच," म्हटलं, आणि ते तिला मुस्कटात मारल्यापेक्षा जास्त लागलं. बंब त्यांचा होता, पण जाळा कुणी म्हटलं होतं?

एस.टी.त अक्काबाई शेजारी बसली होती. बारामती येईपर्यंत तिनं एकदाच तोंड उघडलं.

"तुजा फोटू आरशात लावला त्या न्हाव्याला मी लई शिव्या दिल्या हुत्या. त्येला तुजं नाव बी ठावं नव्हतं."

सोमवारी रविंद्र सरांनी प्रोग्राम पाहिला. फार वेळ लागला नाही.

"नाव चौकटीत कुठं आहे, ज्योत्स्ना? चौकटीत तर नुसता नावाचा पत्ता आहे. नाव मेमरीत दुसरीकडे. तू पत्ता लिहिलास फाइलमध्ये."

"पण इथं बरोबर आलं होतं, सर. मी प्रोग्राम बंद करून पुन्हा उघडून पाहिला."

"मशीन बंद केलं होतंस?"

नव्हतं केलं. मशीन दिवसभर चालू होतं. नावं त्याच्या स्मरणात जागच्या जागी पडून होती, म्हणून पत्त्यावर गेलं की ती सापडत होती. इंदापूरच्या मशीनमध्ये त्याच पत्त्यावर कंत्राटदाराचं सिमेंट होतं. अक्काबाईचं माहेर, म्हणजे मिसाळांचं मूळ गाव, उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. तिला कुणी गाव विचारलं की अजून सांगते, नदीच्या अंगाला, चिंचेपासून तिसरं घर. पत्ता अगदी बरोबर, पण त्या जागी आता मासे आहेत. ज्योत्स्नानं अख्ख्या तालुक्यातल्या पोरींची नावं अशी चिंचेपासून तिसऱ्या घरी ठेवली होती आणि वर चिठ्ठ्या जाळायला लावल्या होत्या.

"पहिल्या बॅचची पोरं करतात ही चूक," सर म्हणाले. मग त्यांना आठवलं की पहिल्या बॅचला शिकवतं कोण, आणि ते चहा सांगायला बाहेर गेले.

हे सगळं ज्योत्स्नाला समजलं, आणि समजून काडीचाही उपयोग झाला नाही. चूक सापडली की तिला एरवी किती हलकं वाटायचं! यावेळी वाटलं नाही. कारण मशीननं नावं हरवली हे खरं, पण तो शब्द मशीन बोललं नव्हतं.

पिंपळीला जायला तिनं बरेच दिवस लावले. आज क्लास आहे, उद्या बॅच आहे. शेवटी गेली. रोहिणी कुणाच्या तरी परकराला नाडा घालत होती. बस म्हणाली नाही, जा म्हणाली नाही.

"ताई, माझी चूक झाली. त्या प्रोग्राममध्ये ना, नावाचा पत्ता—"

"मला मशीनचं सांगू नगं," रोहिणी म्हणाली. "मशीनला म्या चिठ्ठी दिली नव्हती."

ज्योत्स्नानं खाली पडलेलं रीळ उचलून मशीनवर ठेवलं.

"मी मुद्दाम नाही बोलले, ताई."

"त्येच तर. लबाड असतीस तर बरं झालं असतं. लबाडाला निदान ठावं असतं, आपन कुनाबद्दल बोलतोय. तुला ठावंच नव्हतं." तिनं सुई नाड्यातून काढली. "आन् त्यो तीन म्हंजी काय गं? हिंदुराव रंग तीन म्हनला."

ज्योत्स्नाला उत्तर माहीत होतं. या वेळी ती बोलली नाही.

"काळी, व्हय ना?" रोहिणी म्हणाली. "तू गणितात हुशार म्हनत्यात. माजा नंबर न्हाय चुकला तुज्याकडनं."

ज्योत्स्ना बस स्टँडवर आली आणि तिनं दोन बस जाऊ दिल्या. रस्त्यावरून ओळखीचं कुणी गेलं की ती वेळापत्रकाच्या फळ्याकडे तोंड करून उभी राही.

पुढच्या वर्षीच्या मेळाव्यासाठी आप्पासाहेब स्वतः क्लासात येऊन बसले तेव्हा तिनं नको म्हटलं, गेल्या वर्षी मशीन बंद न करताच तपासलं होतं तेही सांगितलं. त्यांनी ऐकलं नाही. तिनं प्रोग्राम पहिल्यापासून लिहिला. नावासाठी चौकटीतच जागा ठेवली, लांबलचक आडनावही मावेल एवढी. रंगाचा खाना काढला. पहिल्या लग्नाचाही काढला, ते ज्याचं त्यानं सांगावं. हिंदुराव कुरकुरले. "लोक इचारतील की!" "विचारू देत, काका, आणि तुम्ही माईकवर सांगू नका." त्यावर त्यांनी चक्क मान डोलावली. तेही तो दिवस विसरले नसावेत.

एके दुपारी जिन्यात चपला काढल्याचा आवाज आला आणि दारात रोहिणी उभी राहिली. बाजाराची पिशवी हातात, पिशवीत शिलाईची रिळं.

"दाव ते मशीन."

ज्योत्स्नानं खुर्ची दिली. रोहिणी बसली. स्वतःचं नाव टाइप करायचं म्हणाली. इंग्रजी अक्षरं तिला येत होती, पण कुठली कुठं आहेत ते शोधावं लागत होतं. एका बोटानं, दाबली की थांबून पडद्याकडे बघत, तिनं नाव उमटवलं. मग जन्मसाल, उंची, गाव. पुढं खाना नव्हता.

"रंगाचं गेलं?"

"गेलं, ताई."

"हं. ठिव आता त्यात."

ज्योत्स्नानं फाइल फ्लॉपीवर ठेवली.

"आता बंद कर."

ज्योत्स्नानं प्रोग्राम बंद केला.

"त्ये न्हाय. मशीन बंद कर. समदं."

म्हणजे आप्पासाहेबांनी तिला सगळं सांगितलं होतं. ज्योत्स्नानं बटण दाबलं. पंखा घरघरत थांबला, पडदा काळा झाला, आणि त्या काळ्या काचेत दोघींची तोंडं दिसली. रोहिणी त्यात बघत राहिली. मग तिनं मान हलवली आणि ज्योत्स्नानं मशीन चालू केलं. ते जागं व्हायला नेहमीसारखाच वेळ लागला. ज्योत्स्नानं प्रोग्राम उघडला, फाइल वाचायला लावली.

नाव आलं. एकेक अक्षर जागेवर.

रोहिणीनं ते मनातल्या मनात वाचलं. ओठ हलले तेवढे.  माफी मिळाली असं ज्योत्स्नाला वाटलं, आणि तसं वाटल्याची लाजही वाटली.

"आलं की गं," रोहिणी म्हणाली. "आता पूस."

"ताई?"

"पूस म्हनलं. मला न्हाय यायचं तुमच्या मेळाव्यात. म्या बघायला आले हुते."

ज्योत्स्नानं पुसलं. रोहिणीनं पुन्हा मशीन बंद करायला लावलं, पुन्हा चालू करायला लावलं. नाव नव्हतं. तेव्हा कुठं ती उठली, पिशवी उचलली.

"दुसऱ्या पोरींची नीट ठिव," ती म्हणाली आणि जिना उतरली.

ज्योत्स्नानं पुढं बारामतीत पुष्कळ प्रोग्राम लिहिले, डेअरीला, दवाखान्याला, शाळांना. गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभं असलं तरी ती आधी मशीन पूर्ण बंद करायची, मग चालू करून फाइल उघडून दाखवायची. गिऱ्हाइकांना वाटे, बाई फार काटेकोर आहेत. पण पडदा काळा होई त्या वेळात तिला काचेत कोण दिसतं, हे तिनं कुणालाही सांगितलं नाही, आणि माईक तर तिनं पुन्हा कधी हातात घेतला नाही.